परसबागेचा हिशेब : कोणती भाजी लावली तर पैसे वाचतात?

घराभोवतीच्या जागेत भाजी लावण्यासंबंधी वाचकांची पत्रे नियमितपणे येत असतात. या अंकासाठी त्यांपैकी खर्च आणि बचत यांच्याशी संबंधित पत्रे निवडली आहेत. घरी पिकलेली भाजी स्वस्तच पडते, असा समज बहुतेक पत्रांत दिसतो. तो काही पिकांच्या बाबतीत खरा आहे आणि काहींच्या बाबतीत मुळीच खरा नाही, म्हणून उत्तरे थोडी विस्ताराने दिली आहेत.

प्रश्न : आमच्या घरामागे ५ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद अशी मोकळी जागा आहे. दिवसभर चांगले ऊन असते. आम्ही घरात चौघे आहोत. हौस म्हणून नव्हे, तर भाजीवरचा खर्च खरोखर कमी व्हावा म्हणून लागवड करायची आहे. कोणती पिके निवडावीत आणि जागेची आखणी कशी करावी?

उत्तर : पिकांची यादी करण्यापूर्वी महिनाभर घरात येणाऱ्या भाजीची नोंद ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. कोणती भाजी किती आणली, तिला किती पैसे पडले आणि तिच्यातली किती खराब होऊन टाकावी लागली, एवढे तीन रकाने पुरेसे आहेत. बचतीचा पाया या नोंदीत आहे, कारण जी भाजी आपण एरवी विकत घेतलीच नसती, ती घरी कितीही पिकली तरी तिने आपला पैसा वाचवलेला नसतो.

नोंद हाती आली की प्रत्येक पिकाबद्दल तीन गोष्टी पाहाव्यात : १ चौरस मीटर जागेतून साधारण किती किलो माल निघतो, आपला माल निघेल त्या काळात बाजारात त्याचा भाव काय असतो आणि ते पीक किती दिवस जागा अडवून ठेवते. वजनाचा विचार सगळेच करतात. दिवसांचा विचार मात्र सहसा राहून जातो आणि हिशेब तिथेच फसतो. परसबागेत जागा मोजकी असते. एका पिकाने ती ३ महिने अडवली, तर त्या ३ महिन्यांत दुसरे काय निघाले असते, हाही त्या पिकाचा खर्चच आहे.

एक उदाहरण घेऊ. बटाट्याचा किलोचा भाव १ धरू आणि त्याच मापात टोमॅटोचा भाव २ व पालकाचा ३ आहे असे समजू. १ चौरस मीटरमधून अडीच किलो बटाटा निघाला आणि त्यासाठी लावलेल्या बेण्याची किंमत वजा केली, तर हाती सव्वादोन उरतात. त्यासाठी जागा सुमारे १०० दिवस अडकते. तेवढ्याच जागेतून पालकाचे तीन-चार तोडे मिळून सव्वा किलो पाने निघाली, तर त्यांची किंमत पावणेचार होते आणि जागा ७५ दिवसांत मोकळी होते. म्हणजे १०० दिवसांच्या मापाने ५. टोमॅटो बी पेरण्यापासून नव्हे तर रोप लावल्यापासून धरला, तरी १३० दिवस घेतो. पण ५ किलो माल दिला तर त्याची किंमत १० होते, म्हणजे १०० दिवसांना साडेसातहून थोडे अधिक, आणि त्यातून रोपांचा व आधाराच्या काठ्यांचा खर्च वजा करावा लागतो. मालाचे आकडे मध्यम प्रतीच्या जमिनीचे ढोबळ अंदाज आहेत आणि भावांचे प्रमाण केवळ रीत दाखवण्यासाठी गृहीत धरले आहे. आपण आपल्या बाजारातले भाव घालून हाच हिशेब करावा. निष्कर्षाची दिशा मात्र बहुतेक ठिकाणी सारखीच येते. वजनाने बटाटा पालकाच्या दुप्पट असूनही जागेचे मोल पालकाने अधिक दिलेले असते.

या कसोटीवर सर्वांत वर येतात त्या पदार्थाला स्वाद देणाऱ्या ताज्या पानांच्या वनस्पती, म्हणजे कोथिंबीर, पुदिना, बेझिल यांसारख्या. त्यांचा वजनाच्या मापाने भाव जास्त असतो आणि त्या लागतात मात्र चिमूटभर. त्यामुळे विकत आणलेल्या जुडीतला बराच भाग वापरण्याआधीच पिवळा पडतो. घरच्या रोपावरून हवी तेवढीच पाने खुडता येत असल्याने हे नुकसान थांबते, आणि माझ्या मते लहान बागेची सर्वांत खात्रीची बचत हीच आहे. पुदिन्याला तर बीही लागत नाही. ताजी काडी पाण्यात ठेवली की साधारण एक-दोन आठवड्यांत मुळे फुटतात. तो कुंडीत लावावा, कारण जमिनीत मोकळा सोडला तर जमिनीखालच्या धावत्या खोडांनी सगळा वाफा व्यापतो.

त्याखालोखाल अशी पिके घ्यावीत जी एकदा लावल्यावर पुन्हा पुन्हा तोडता येतात : पालक, चार्ड (पालकासारखी एक पालेभाजी), बाहेरची पाने काढून घेता येणारे लेट्यूस, घेवडा, टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी. ज्यांचे एका रोपावर एकच फळ किंवा गड्डा मिळतो आणि तेवढ्यासाठी महिनेच्या महिने थांबावे लागते, ती पिके मागे ठेवावीत. कोबी ४५ सेंटिमीटर अंतरावर लावला तर १ चौरस मीटरमध्ये जेमतेम ५ गड्डे बसतात आणि रोप लावल्यापासून ते तयार व्हायला बहुतेक वाणांना अडीच-तीन महिने लागतात. मक्याचे तर परागीभवन वाऱ्याने होत असल्यामुळे तो एका ओळीत लावून चालत नाही, चौकोनी पट्ट्यात लावावा लागतो आणि तरीही एका ताटाला एक-दोनच कणसे येतात.

आता आखणी. वाफ्याची रुंदी १.२ मीटरपेक्षा जास्त ठेवू नये, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवून माती दाबली जात नाही. आपल्या ५ मीटर बाजूवर असे ३ वाफे शेजारीशेजारी घेऊन त्यांच्यामध्ये ४० सेंटिमीटरच्या दोन वाटा सोडल्या, तर ४.४ मीटर जागा लागते. वाफ्यांची लांबी साडेतीन मीटर ठेवल्यास एका टोकाला येण्याजाण्यास अर्धा मीटर उरतो. म्हणजे २० चौरस मीटरपैकी साधारण साडेबारा चौरस मीटर प्रत्यक्ष लागवडीखाली येतील, आणि पहिल्या वर्षासाठी ती पुष्कळ आहे. एका वाफ्यात टोमॅटो, मिरची आणि वांगी ही एकाच कुळातली पिके एकत्र घ्यावीत. दुसरा वाफा पालेभाज्यांना द्यावा. तो एकदम न पेरता दर दोन-तीन आठवड्यांनी थोडा थोडा पेरावा. तिसऱ्यात घेवडा आणि मांडवावर चढवलेली एक-दोन काकडीची वेले असावीत. पुढच्या हंगामात प्रत्येक गट शेजारच्या वाफ्यात सरकवावा, म्हणजे एका कुळाचे मातीतून पसरणारे रोग एकाच जागी साठत नाहीत आणि घेवड्याच्या मुळांवरील गाठींतल्या जिवाणूंनी स्थिर केलेल्या नत्राचा काही भाग, त्याची मुळे जमिनीतच कुजू दिली तर, पुढच्या पिकाला मिळतो. उंच वाढणारी आणि मांडवावरची पिके उत्तर गोलार्धात उत्तरेच्या कडेला व दक्षिण गोलार्धात दक्षिणेच्या कडेला ठेवावीत. नाहीतर त्यांची सावली बाकीच्या पिकांवर पडेल.

प्रश्न : गेल्या हंगामात आम्ही टोमॅटोची १२ आणि काकडीची ६ रोपे लावली. पीक उत्तम आले, पण सगळे एकाच वेळी. बरेचसे वाटून टाकावे लागले आणि शेवटी हिशेब केला तेव्हा खर्चही भरून निघाला नव्हता. पीक चांगले येऊनही तोटा कसा होतो?

उत्तर : आपले पीक भरात असते तेव्हा त्या भागातल्या सगळ्यांचेच ते भरात असते, म्हणून बाजारभावही त्याच सुमारास सर्वांत खाली येतो. आपण वर्षभराच्या सरासरी भावाने बचत मोजली असेल, तर ती प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसली असणार. त्याहून मोठे कारण मात्र रोपांच्या संख्येत आहे. ताज्या वापरासाठी चौघांच्या घराला टोमॅटोची तीन-चार आणि काकडीची दोन रोपे बहुधा पुरतात. त्यापुढच्या रोपांचा माल आपल्या पानात आला नाही, पण त्यांचे पाणी, खत आणि आधार यांचा खर्च मात्र आपणच केला. वाटलेल्या भाजीचे समाधान मोठे असते आणि शेजाऱ्यांना ती जरूर द्यावी. फक्त ती बचतीच्या रकान्यात लिहू नये.

टोमॅटोचे वाण निवडताना त्याच्या वाढीची सवय विचारून घ्यावी. काही वाण ठरावीक उंचीला थांबतात आणि त्यांची बहुतेक फळे थोड्या आठवड्यांत पिकतात. काही वाण वेलासारखे वाढत राहतात आणि हवामान साथ देईपर्यंत थोडी थोडी फळे देतात. रस किंवा गर करून साठवायचा असेल तर पहिला प्रकार सोयीचा, रोजच्या वापरासाठी दुसरा. घेवडा आणि काकडी यांचे वेगळेच आहे. त्यांची पेरणी तीन आठवड्यांच्या अंतराने दोन टप्प्यांत केली की काढणीही विभागली जाते. टोमॅटोची लागवड मात्र मनाला येईल तशी पुढे-मागे करता येत नाही, कारण कडक उन्हाळ्यात दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर राहू लागले आणि रात्रीही उकाडा राहिला की त्याची फुले गळतात व फळधारणा घटते. भाव चढेल तेव्हा आपला माल यावा म्हणून अवेळी लागवड करण्याचा सल्ला काही जण देतात. तो टोमॅटोच्या बाबतीत मला जोखमीचा वाटतो.

उरलेल्या टोमॅटोचा गर करून गोठवणे हा उपाय योग्य आहे, पण एका अटीवर : हंगाम संपल्यावर आपण टोमॅटो विकत घेणारच असलो पाहिजे. तसे असेल तर त्या गराची किंमत हंगामाबाहेरच्या चढ्या भावाने मोजावी आणि इंधनाचा व विजेचा खर्च तिच्यातून वजा करावा.

प्रश्न : आमच्या अंगणात दिवसातून चारच तास थेट ऊन येते. भाजीचा विचार सोडून द्यावा का?

उत्तर : सोडू नये, पण फळभाज्यांचा आग्रह सोडावा. टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी यांना रोज किमान सहा आणि शक्यतो आठ तास थेट ऊन लागते. त्याहून कमी उन्हात रोपे उंच वाढतात आणि फळे मोजकीच लागतात. पालक, चार्ड, लेट्यूस, कोथिंबीर आणि पुदिना तीन-चार तासांच्या उन्हावर समाधानकारक येतात, आणि वर म्हटल्याप्रमाणे बचतीच्या दृष्टीनेही हीच पिके आघाडीवर आहेत. उष्णतेच्या दिवसांत तर अर्धवट सावली उपयोगीच पडते, कारण तापमान वाढले की लेट्यूस आणि कोथिंबीर लवकर फुलोऱ्यावर येतात आणि पाने कडवट किंवा विरळ होतात. जागा निश्चित करण्यापूर्वी एकदा दिवसभर दर दोन तासांनी सावलीची कड कुठे पोचते ते पाहून खूण करावी. सूर्याचा मार्ग हंगामानुसार बदलत असल्याने हे पुढच्या हंगामातही पुन्हा पाहावे.

प्रश्न : लाकडी चौकटीचे उंच वाफे, विकतची माती, पिशवीतले खत आणि ठिबकचा संच या सर्वांचा खर्च काढला तेव्हा तो वर्षभराच्या भाजीपेक्षा जास्त निघाला. हा खर्च टाळता येईल का?

उत्तर : आपण आधी हिशेब केलात हे उत्तम झाले, कारण बहुतेक परसबागांची बचत याच ठिकाणी संपते. उंच वाफ्यात किती माती मावते याची कल्पना सहसा येत नाही. १.२ मीटर रुंद, २.४ मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर खोल अशी एकच चौकट भरायला सुमारे ८६० लिटर माती लागते. जमीन फरशीची असेल, पाणी साचत असेल, किंवा शिशाचा अंश असलेल्या जुन्या रंगाचे कपचे भिंतीवरून गळून माती दूषित झाल्याची शंका असेल, तर हा खर्च समर्थनीय आहे. शेवटच्या प्रसंगी तो टाळूच नये, कारण अशा मातीत पालेभाज्या आणि कंदमुळे घेणे आरोग्याला घातक ठरू शकते. एरवी आहे ती जमीन एकदा मोकळी करून तिच्यावर अडीच सेंटिमीटर जाडीचा कुजलेल्या खताचा थर द्यावा. १ चौरस मीटरला त्यासाठी २५ लिटर खत लागते. चौकट घेतलीच, तर तिचा खर्च ती जितकी वर्षे टिकेल तितक्या वर्षांत विभागावा. पहिल्याच हंगामाच्या माथी सगळा मारला तर कोणतीही बाग तोट्यातच दिसेल.

खत घरी करता येते आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रश्नावरचे खरे उत्तर तेच आहे. स्वयंपाकघरातील सालींसारखा ओला कचरा एक भाग आणि वाळलेली पाने, काड्या, फाडलेला पुठ्ठा असा कोरडा कचरा दोन ते तीन भाग, असे आकारमानाने प्रमाण ठेवले की जिवाणूंना लागणारे कर्ब आणि नत्राचे गुणोत्तर साधारणपणे जुळून येते. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओलसर असावा. दुर्गंधी येऊ लागली तर ओले जास्त झाले किंवा हवा पोचत नाही असे समजून कोरडा कचरा मिसळावा आणि ढीग खालीवर करावा. काही महिन्यांत त्याचा काळसर, मातीचा वास येणारा चुरा होतो. विकतची खते घेण्याआधी एकदा माती तपासून घ्यावी. बहुतेक भाज्यांना ६ ते ७ या दरम्यानचा सामू (मातीची आम्लता दाखवणारा आकडा, पीएच) मानवतो, आणि सामू बिघडलेला असेल तर कितीही खत घातले तरी त्यातला बराच भाग पिकाला घेता येत नाही.

पाण्याचा खर्च विसरू नये. आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी हे सर्वसाधारण प्रमाण धरले, तर १ चौरस मीटरला २५ लिटर होतात. साडेबारा चौरस मीटरच्या बागेला पाऊस नसलेल्या आठवड्यात ३०० लिटरहून अधिक, आणि कडक उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. पाणी मोजून मिळत असेल तर ही रक्कम ठळक होते. वाळलेली पाने किंवा गवत यांचे पाच-सात सेंटिमीटर जाड आच्छादन मातीवर घातले तर बाष्पीभवन बरेच कमी होते आणि तणही दबते. हे फुकटचे साधन असताना ठिबकचा संच पहिल्या वर्षी घेण्याची घाई करू नये. बागेत सातत्य राहते आहे असे दिसले की मग घ्यावा.

प्रश्न : बियाण्यावरचा खर्च कमी कसा करावा? पाकिटातले उरलेले बी पुढच्या वर्षी चालते का, आणि घरच्या फळातले बी धरता येते का?

उत्तर : उरलेले बी चालते, पण सगळ्यांचे आयुष्य सारखे नसते. कांद्याचे बी एक-दोन वर्षांतच क्षीण होते. घेवड्याचे साधारण तीन, टोमॅटोचे चार आणि काकडीचे पाच वर्षे चांगले राहते. ते घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या व थंड जागी ठेवावे. शंका असल्यास १० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवाव्यात. ७ उगवल्या तर पेरणी थोडी दाट करावी, निम्म्याहून कमी उगवल्या तर नवे बी घ्यावे.

घरचे बी धरायचे असेल तर मूळ वाण सरळ, म्हणजे संकरित नसलेले, हवे. संकरित वाणाचे बी उगवते, परंतु पुढच्या पिढीत झाडे आणि फळे मिसळ निघतात, म्हणून त्यावर जागा घालवू नये. टोमॅटो, घेवडा आणि लेट्यूस यांचे परागीभवन बहुतांशी त्याच फुलात होते, त्यामुळे नवशिक्यांनी यांच्यापासून सुरुवात करावी. काकडी, भोपळा आणि कोबी यांच्या शेजारच्या वाणांशी सहज संकर होतो. एवढे मात्र सांगितले पाहिजे की रोगाची प्रतिकारशक्ती असलेले संकरित वाण एखाद्या ठिकाणी सगळे पीक वाचवते, आणि तिथे पाकिटाचे जादा पैसे वसूल होतात.

प्रश्न : कांदा-बटाटा आमच्याकडे सर्वांत जास्त लागतो. मग तोच घरी का पिकवू नये?

उत्तर : जास्त लागतो आणि जास्त खर्च होतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कांदा व बटाटा शेतावर मोठ्या प्रमाणावर पिकतात, साठवता येतात आणि त्यामुळे एरवी स्वस्त असतात. कांदा रोप लावल्यापासूनही तीन-साडेतीन महिने जागा धरून ठेवतो. जागा मुबलक असेल तर अवश्य लावावेत. नसेल तर पातीचा कांदा लावावा, तो थोड्या दिवसांत कापणीला येतो.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. बागेसाठी आठवड्यातून दोनदाच वेळ मिळतो. एवढ्या वेळात बाग परवडेल का, आणि आपल्या श्रमाचे मोल हिशेबात धरावे का?

उत्तर : परवडेल, पण पिके त्या वेळापत्रकाला साजेशी हवीत. घेवडा आणि काकडी भरात असताना दर दोन-तीन दिवसांनी तोडावी लागतात. शेंगा झाडावर जून झाल्या की झाड बी भरण्याच्या मागे लागते आणि नवी फुले कमी येतात, म्हणजे तोडणी चुकली की तेवढ्याच नव्हे तर पुढच्या शेंगाही जातात. मिरची, वांगी आणि चार्ड चार-सहा दिवसांचा उशीर सहन करतात. लाल भोपळा तर पिकल्यावर घरातही काही महिने टिकतो, मात्र त्याला वेल पसरायला जागा लागते. कुंड्यांतील रोपे टाळावीत, कारण उन्हाळ्यात त्यांना रोज पाणी द्यावे लागते. जमिनीत खोल भिजवलेला आणि आच्छादन घातलेला वाफा आठवड्यातून दोनदा पाणी दिले तरी तग धरतो.

श्रमाचे मोल मजुरीच्या दराने धरले तर लहान बाग क्वचितच नफ्यात येईल, आणि तशी अपेक्षाही मी ठेवत नाही. वेळ ही बागेची मर्यादा मानावी : जेवढा वाफा आपण वेळेवर पाणी देऊन, तण काढून, तोडून सांभाळू शकतो तेवढाच करावा. आपल्या बाबतीत तो पहिल्या हंगामात चार-पाच चौरस मीटरपेक्षा मोठा नसावा. स्वयंपाकघराच्या दाराजवळ एक ताणकाटा आणि वही ठेवून काढलेला माल त्याच वेळी तोलून लिहावा, आणि प्रत्येक नोंदीपुढे त्या आठवड्याचा बाजारभाव मांडावा. हंगाम संपल्यावर ज्या पिकाची बेरीज सर्वांत कमी असेल त्याची जागा पुढच्या हंगामात सर्वांत जास्त बेरीज असलेल्या पिकाला द्यावी, मात्र तो माल घरात खाल्ला जाईल एवढी खात्री करून घ्यावी.